निवतानाचा आलेख

"हा निवतानाचा आलेख काढून टाक, मग सही करतो," सर म्हणाले.

सही माझ्या प्रबंधावरची, म्हणजे माझ्या पाच वर्षांवरची. सरांचा सिद्धांत असा, की स्फटिक तापला की आतले अणू हळूहळू सरकतात, रचना सावकाश बदलते. तसं असेल तर तापताना आणि निवताना बदल एकाच तापमानाला व्हायला हवा. माझ्या स्फटिकात तापताना बासष्ट अंशांना होतो, निवताना सत्तावन्नला. तोही एका झटक्यात: निवताना स्फटिकावर पट्टे उमटतात, तापताना पुसले जातात.

इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? अहो, दिसणार कसं! आमच्या प्रयोगशाळेची रीतच अशी: तापवायचं, मोजायचं, भट्टी बंद करून चहाला जायचं. मी मेली चहा पीत नाही, म्हणून बसले.

आई फोनवर म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? काढ तो आलेख नि मोकळी हो." तिचंही खरं. पण माझं डोकंच फिरलं होतं. डोळ्यांनी बघितलेलं मी का पुसू?

"घाईत निववलं असशील," सर म्हणाले.

"तासाला एक अंश, सर."

"मला शिकवू नकोस. वीस वर्षं करतोय मी हे."

"तापवताना! निवताना एकदा तरी बसलात?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओढून ते स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तापवलेला स्फटिक निवत निवत बासष्टवर आला. "आता पट्टे उमटतील," ते म्हणाले. कसले पट्टे! साठ झालं, एकोणसाठ झालं. चहाची वेळ आली नि गेली. दुपारी सत्तावन्नला टिक्‌ असा आवाज झाला आणि अख्ख्या स्फटिकावर एकदम पट्टे उमटले.

"तडकला असेल."

मी तो परत तापवला. बासष्टला पट्टे साफ गेले. तडा असता तर गेला असता का?

सरांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सरकवला. मग म्हणाले, "परिशिष्टात टाक. करतो सही."

"नाही. तिसऱ्या प्रकरणातच राहील. नका करू सही."

मी शब्द मागे घेतला नाही. सरांनी प्रबंध ओढला, सही केली, पेन आपटलं. दारातून वळून म्हणाले, "उद्या माझे जुने स्फटिक कपाटातून काढ, सगळे. आणि चहावाल्याला सांग, माझा चहा इथंच आणायचा."