काचेच्या दाराआडचा बस्ता

मेहकरातल्या नव्या मॉलमधी मी साड्याचं दुकान टाकलं, तवा अमेरिकेतला माहा जुना दोस्त अविनाश फोनवर हसला. "अबे निवृत्ती, इकडं मॉल बंद पडून राह्यले. लोक घरी बसून माल मागवते."

मी म्हनलं, "दुबईत तं चालून राह्यले ना! बाहेर ऊन, आत एसी. आपल्याकडं ऊन काय कमी हाय बे?"

एसीले गर्दी झाली. दुकानाले नाही.

काल मात्र साखरखेर्ड्याहून लग्नाचा बस्ता बांधाले सतरा मानसं आली. मले लय हरीख झाला. त्यायनं काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या, आत येऊन फरशीवर मांड्या घातल्या, अन् कोनी चहा आनते, साड्या उलगडून दाखवते, म्हनून वाट पाहत बसले. तेवढ्यात मॉलच्या गार्डनं त्यायले उठवलं. "इथं बसाले मनाई हाय. साड्या रॅकवर हायेत, हातानं घ्या."

त्यायच्यातली म्हातारी मले म्हनली, "हातानंच घ्याच्या, तं तुमी कायले उभे हा?"

सगळे उठले अन् मॉलसमोरच्या जुन्या दुकानात गादीवर जाऊन बसले.

मी गार्डवर खेकसलो. मंग बायकोवर खेकसलो. "या लोकायले मॉलमधी कसं वागावं, काही समजतच नाही!"

बायको शांतपनं म्हनली, "मंगळवारी आपल्या पोरीचा, प्राचीचा बस्ता हाय. कुठं बांधाचा?"

"समोर," मी म्हनलं. "इथं पाव्हने बसतीन कुठं?"