सईदच्या आईची विहीर

तोच पंप तिसऱ्यांदा जळून आला तेव्हा मुरलीधर वैतागला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात तो मोटारींचं वाइंडिंग करायचा. हात चांगला होता त्याचा, आणि आपण भरलेली मोटर दीड महिन्यात जळावी हे त्याला लागलं होतं. पंप आणणारा सईद बदू होता, वाळवंटात शेळ्या-उंट राखणाऱ्या घरातला. दुकानं फिरून फिरून त्याला बरं हिंदी यायचं. मालकाने सांगितलं, या वेळी तूच जा, बसवून ये.

२००१चा जुलै. तीन वर्षं धड पाऊस नव्हता. धैद गाव मागे पडल्यावर डांबर संपलं आणि पिकअप तासभर वाळूत हेलकावत गेली. सरकारने शहरात घर दिलंय, नळ आहे, पण आई हलत नाही, असं सईदने वाटेत सांगितलं.

एक तंबू, पत्र्याची सावली, चाळीसेक शेळ्या, पाच उंट. सईदची आई हमदा विहिरीच्या काठाशी बसली होती. शेळ्या तिच्याभोवती गप्प उभ्या होत्या. ओरडायचं त्राण कुणातच नव्हतं.

मुरलीधरने दोरीला दगड बांधून आत सोडला. वर ओढली तेव्हा जेमतेम दोन हात दोरी ओली होती. पंप पाण्याविना कोरडा फिरून जळतो हे त्याला तिथेच कळलं. तरी त्याने तो बसवला, जनरेटर चालू केला. चार मिनिटं गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. त्याने घाईने बंद केला.

"पंप चांगला आहे," तो सईदला हिंदीत म्हणाला. "पाणी खलास."

आणखी दहा फूट खाली सोड, सईद म्हणाला. खाली खडक आहे, पंप तळाला टेकलाय, मुरलीधरने सांगितलं. सईदने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि आईला ते समजावलं.

म्हातारी मुरलीधरकडे बघून काहीतरी म्हणाली. सईदने खाली बघत त्याचं हिंदी केलं.

"ती म्हणते, पंप काढून ने. हाताने ओढत होतो तोवर विहीर पुरत होती. हा आला आणि आठ वर्षांत सगळं पिऊन बसला."

एकटा हाच पंप नव्हता. येताना खजुरांच्या हिरव्यागार बागा लागल्या होत्या, त्यांचे पंप याच्या दसपट मोठे. पण ते तिला सांगून काय होणार होतं? मुरलीधरने पंप वर काढला. गंजलेल्या जुन्या कप्पीला ग्रीस लावून ती फिरती केली.

पोहरा अर्धाच भरायचा. दहा पोहरे झाले की तासभर थांबायचं, झऱ्याचं पाणी पुन्हा साचू द्यायचं. पहिल्या पोहऱ्यातलं भांडंभर पाणी हमदाने मुरलीधरला दिलं. मचूळ होतं. तो प्यायला. मग गाभण शेळ्या, मग दुभत्या. मुरलीधर, सईद आणि तंबूतून आलेली सईदची बायको आळीपाळीने ओढत राहिले. बायकोची ओढायची पाळी नसायची तेव्हा ती जिथे असेल तिथे खाली बसायची, वाळू तापलेली असली तरी. ऊन कलताना शेळ्यांचं आटोपलं. उंटांपर्यंत पाणी पोचलंच नाही. त्यांना उद्या धैदला भावाकडे पोचवतो, सईद म्हणाला. हमदाने अडवलं नाही.

ऑक्टोबरात सईद पाण्याच्या टाकीला वेल्डिंग करून घ्यायला गॅरेजात आला. मुरलीधरने आईचं विचारलं.

निम्म्या शेळ्या विकल्या, सईद म्हणाला. उरलेल्यांसाठी ती चाळीस दिवस पोहरा ओढत राहिली. एका सकाळी पोहऱ्यात नुसता चिखल आला. तेव्हा ती आपणहून गाडीत जाऊन बसली, मागे काय राहिलं ते बघितलंही नाही.

"आणि आता?"

"आता झोपते," सईद म्हणाला. "दिवसाही झोपते. उठवलं तर विचारते, काम काय आहे?"

मुरलीधरने त्याच्यासाठी चहा सांगितला आणि टाकी उलटी करायला घेतली.