मवाळकाकांनी अभिप्राय बदलला

कचेरीसमोर खानावळ असली की माणूस फारसा चोखंदळ राहत नाही. डबा राहिला, घरात कुणी आजारी पडलं, की पाय आपोआप तिकडे वळतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणारे मवाळकाका सहा वर्षं तिथेच जेवत होते. मवाळ हे त्यांचं आडनाव नव्हे. कुणालाही वाकडा शब्द न बोलण्याच्या सवयीपायी कचेरीनेच ते बहाल केलं होतं.

एकदा मालकाने पाटी लावली : मोबाइलवर पाच स्टार द्या, गोड पदार्थ फुकट घ्या. काकांनी दिले. वर नावानिशी लिहिलं, ‘स्वच्छ, ताजं, अगदी घरच्यासारखं.’ खरं तर त्याच दुपारी ताटातल्या माशाला वास येत होता आणि काकांनी तो बाजूला सारून नुसत्या भातावर भागवलं होतं. पण ते कशाला लिहायचं? बिचाऱ्याचा धंदा आहे, आपल्याला रोज तिथे तोंड दाखवायचंय, असा त्यांनी विचार केला.

पंधरा दिवसांनी कचेरीत नवी टंकलेखिका रुजू झाली. तिला सहावा महिना होता. दुसऱ्याच दिवशी तिने त्या खानावळीत मासे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत तिला उलट्यांनी हैराण केलं. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. बाळाचं काय होईल, हे दोन दिवस डॉक्टरही सांगेनात. तिसऱ्या दिवशी धोका टळला, तेव्हा काका भेटायला गेले. ती कसनुसं हसली.

“चूक माझीच, काका. जागा नवीन, म्हणून आधी मोबाइलवर वाचून गेले. तुमचं नाव दिसलं. म्हटलं, आपल्या कचेरीतलं माणूस लिहितंय, म्हणजे खात्रीचं असणार.”

काकांना खुर्चीत बसवेना. घरी येऊन त्यांनी थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. ताई निवृत्त परिचारिका.

“मी कधी कुणाचं वाईट केलं नाही गं,” काका म्हणाले.

“खोटं लिहिलंस ना? वॉर्डात मी तापाचा तक्ता खोटा भरला असता, तर डॉक्टरांनी काय बघून औषध दिलं असतं?”

“पण खरं लिहिलं तर मालकाच्या पोटावर पाय येईल.”

“आणि जे तिथे जेवायला जातात, त्यांच्या पोटाचं काय? त्याच्यावर राग काढ असं मी म्हणत नाही. तुझ्या नाकाला जेवढं कळलं, डोळ्यांना जेवढं दिसलं, तेवढंच लिही. एक अक्षर जास्त नको आणि कमी तर मुळीच नको.”

काकांनी जुना अभिप्राय काढला आणि नवा लिहिला. आधीचा आपण फुकटच्या गोडासाठी लिहिला होता, हे पहिल्याच ओळीत कबूल केलं. मग माशाच्या वासाची तारीख दिली. भात गरम असतो, वाढणारे अदबीने वागतात, हेही लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी मालक तणतणत थेट साहेबांच्या खोलीत शिरला. दोघांची जुनी ओळख होती. काकांना बोलावणं आलं. साहेबांनी समजावून पाहिलं, कशाला नसती भानगड, दोन मिनिटांत खोडून टाका म्हणाले. मालकाने कोर्टात खेचण्याची भाषा केली.

काका साहेबांच्या टेबलासमोर सरळ उभे राहिले.

“साहेब, नकाशात नळ चुकीच्या जागी दाखवला, तर तुम्ही मला तो खोडायला लावता. मी चुकीचं होतं ते खोडलंय. आता बरोबर आहे ते खोडणार नाही.” मग ते मालकाकडे वळले. “खुशाल कोर्टात जा. त्या दिवशी कसला वास येत होता, ते मी तिथेही सांगेन.”

आयुष्यात पहिल्यांदाच मवाळकाका साहेबांच्या परवानगीची वाट न बघता खोलीबाहेर पडले!

भिंतीपलीकडून सगळ्यांनी ऐकलं होतं. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी त्याच दुपारी आपला अनुभव लिहिला. वर्षभर त्याही गप्प होत्या. मग शिपाई, मग शेजारच्या बँकेतला रोखपाल. आठवड्यात अकरा जणांनी नावानिशी लिहिलं. खानावळीतल्या स्वयंपाक्याने तर काकांना गाठून सांगितलं की फ्रिज महिनाभर थंडच होत नव्हता आणि मालक त्याचं ऐकून घेत नव्हता.

दुपारची बाकं ओस पडली, तसा मालक पुन्हा आला. या वेळी आवाज खाली होता. फ्रिज नवा घेतलाय, स्वतः येऊन बघा, पण ते लिहिलेलं तेवढं काढा, अशी त्याने गळ घातली.

“काढणार नाही,” काका म्हणाले. “येतो मात्र. आज जे दिसेल ते त्याच्याखाली लिहीन.”

ते ताईला घेऊन गेले. तिने फ्रिजमध्ये हात घालून पाहिला, चिरायच्या फळ्या उलटसुलट केल्या, मोरीपाशी वाकून नाक मुरडलं. काका जेवले आणि त्यांनी लिहिलं : मासे ताजे, फ्रिज नवा, मोरी अजून घाण. मालकाने ते तिथेच वाचलं, कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने मोरी घासायला माणूस पाठवला. महिन्याभरात गिऱ्हाईक हळूहळू परतू लागलं.

वाचकहो, आपण जेवून उठतो त्या जागी आपल्यामागून कुणीतरी अनोळखी माणूस बसणार असतो. आपल्या शब्दावर विसंबूनच तो पहिला घास घेतो. चांगलं असेल तर मोकळ्या मनाने सांगा, वाईट असेल तर स्वतःचं नाव घालून सांगा. भिडेपोटी गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. आणि खरं लिहिलेलं कुणी दरडावून खोडायला सांगितलं, तर खोडू नका!