वाघ्याचा वाटा

दिवाळी सरली आणि ऊसतोडीच्या ट्रकांनी अख्खी वस्ती उचलून नेली. मागं राहिली दगडाबाई आणि दारोदारची कुत्री. तोडीला जोडी लागते; नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा गेल्यापासून दगडाबाई अर्धा कोयता झाली होती, आणि धडधाकट जोड्या तयार असताना अर्ध्याला कोण विचारतो? मुकादमानं यंदा तिला वगळलं. जाताना मात्र घरटी प्रत्येकानं आपल्या कुत्र्यासाठी बाजरी तिच्या हवाली केली. मोठा मानच दिला म्हणायचा!

दुपारी ती अंगणात भाकरी टाकी. तरणी कुत्री तुटून पडत आणि तिच्या घरचा म्हातारा वाघ्या लांब उभा राहून नुसता बघे. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. रिकाम्या वस्तीत तिच्या हाकेला धावणारा तेवढा एकच जीव होता. तो गेला तर बोलायचं कुणाशी?

तिनं भाकरी वाढवल्या. उरलंसुरलं तरी वाघ्याला मिळेल, हा तिचा हिशोब. पण वास लागताच शेजारच्या वस्तीवरची कुत्रीही येऊन ठाण मांडून बसली. भाकरी वाढली, तोंडं त्याहून वाढली, वाघ्या उपाशीच. तुकडे करून चहूकडं फेकले, तर तरणी त्याच्याआधी पोचायची. घरात घेऊन दार लावलं, तर कोंडल्या जागी तो कशाला तोंड लावेना.

शेवटी तिनं आपलं ताट उचललं, काठी घेतली आणि भर अंगणात वाघ्याला खेटून मातीत बसली. एक घास तिचा, एक त्याचा. बाकीची गुरगुरली, पण जवळ आली नाहीत. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

तेवढ्यात तोडीवर गेलेल्या तिच्या मुलाचा, वैजनाथचा फोन आला. "आये, वाघ्या खातोय ना?"

"खातोय. मी काठी घिऊन जवळ बसती तवा."

"आता त्याला राखण लागती व्हय?" तो हसला.

"लागती रं. एकट्याला न्हाई खाऊ देत कुनी."

वैजनाथचं हसू थांबलं. त्याचा आणि बायकोचा कोयता पुरा होता. मुकादमापुढं आईसाठी त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. "आये, पुढच्या साली..."

दगडाबाईनं जरा वाट पाहिली.

"ठिवती आता," ती म्हणाली. "वाघ्या थांबलाय माज्यासाठी."