घाटात तापलेला रेडिएटर

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा जुना रेडिएटर आहे. पुढच्या चाकाच्या मागे, इंजिनाच्या समोर, तुमच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर मी बसवलेला असतो. गाडी पाहायला आलेली माणसे टाकी पाहतात, दिवा पाहतात, सीटवर हात फिरवतात. माझ्याकडे कोणी वाकून पाहत नाही. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हाला कदाचित शिसारी येईल. मला स्वतःची ती कितीतरी वर्षे येत होती.

एका कारखान्यात मी तयार झालो, तेव्हा मी चांदीसारखा चमकत होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्यांची जाळी, एवढेच माझे शरीर. इंजिनात तापलेले पाणी माझ्या नळ्यांतून फिरते. समोरचा वारा जाळीतून आरपार जातो आणि त्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. मग ते पाणी थंड होऊन पुन्हा इंजिनात परतते. ते साधे पाणी नसते. त्यात कूलंट नावाचे हिरवे औषध मिसळलेले असते. त्याने नळ्या आतून खराब होत नाहीत.

माझा पहिला मालक प्रफुल्ल. तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. शोरूममधल्या माणसाने माझ्यावर बोट ठेवून त्याला सांगितले होते, "हा आहे म्हणून इंजिन थंड राहतं. याच्याकडे तेवढं लक्ष ठेवा." प्रफुल्लने मान डोलावली आणि आरशात केस सारखे केले. माझे पहिले कौतुक तेच आणि बराच काळ शेवटचेही तेच.

रोज सकाळी तो कांद्याच्या बाजारासमोरून जायचा. तिथे रस्त्यावर सडक्या कांद्यांचा लगदा पडलेला असायचा. पुढचे चाक त्यावरून गेले की तो काळा, कुजक्या वासाचा चिखल थेट माझ्या तोंडावर उडायचा. त्यावर कांद्याची टरफले येऊन चिकटायची. पॅकहाउसच्या आवारात टाकून दिलेली द्राक्षे टेंपोखाली चिरडलेली असत. त्यांचा चिकट, आंबूस रस माझ्या जाळीत शिरायचा आणि त्या वासावर माश्या यायच्या. गाडी सुरू झाली की त्या तिथेच भाजून मरायच्या. संध्याकाळी महामार्गावर किडे आदळायचे. त्यांचे पंख माझ्या पत्र्यांत अडकायचे आणि पोटातला पिवळा चीक नळ्यांवर वाळायचा. एकदा पुढच्या ट्रकच्या खिडकीतून तंबाखूची पिचकारी आली. प्रफुल्लने रुमालाने आपली पँट पुसली. माझ्यावर पडलेली पिचकारी माझ्यावरच वाळली.

तुम्ही म्हणाल, तो गाडी धूत नव्हता का? धूत होता. दर रविवारी तो गाडी वॉशिंग सेंटरला न्यायचा. तिथला माणूस पाण्याची जोरदार धार अगदी जवळून माझ्यावर मारायचा. त्या धारेने माझे नाजूक पत्रे वाकले आणि बाहेरची घाण आत, आणखी आत ठासली गेली. वरून मी ओला आणि काळा दिसायचो, एवढेच. पुढे कूलंट कमी झाले तेव्हा प्रफुल्लने बोअरवेलचे पाणी बाटलीत भरून ओतले. त्याचा भाऊ म्हणाला, "अरे, ते चालत नाही." तो म्हणाला, "पाणी ते पाणी. काय फरक पडतो?" त्या क्षारांच्या पाण्याने माझ्या नळ्यांत पांढरा थर धरला. मग त्यात इंजिनातल्या गंजाचा तांबूस गाळ मिसळला. बाहेर कुजलेला चिखल आणि आत हे खरकट्यासारखे पाणी. मला माझीच किळस येऊ लागली.

चार वर्षांनी प्रफुल्लने चारचाकी घेतली आणि गाडी विकली. विकण्याआधी टाकीला पॉलिश केले. गाडी घेतली ती डॉक्टर तेजस्विनीने. ती गुराढोरांची डॉक्टर. राहायची नाशिकला, इंदिरानगरमध्ये, आणि तिची नेमणूक होती पेठ तालुक्यातल्या एका दवाखान्यात. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा. पाड्यांवरचा लाल चिखल, गवताची कुसळे, बकऱ्यांचे केस, सगळे माझ्यावर येऊन बसू लागले.

तरीही मला ती आवडायची. गाईच्या पायातल्या सडक्या जखमेत अळ्या पडलेल्या असायच्या. ती नाक न मुरडता चिमट्याने एकेक अळी काढायची. शेणात गुडघे टेकून बसायची. मला वाटायचे, ही एक दिवस माझ्याकडेही बघेल.

पेठ रोडला झुंबर नावाच्या मेकॅनिकचे गॅरेज आहे. तेजस्विनी त्याच्याकडे ऑइल बदलायला जायची. पहिल्याच वेळी तो खाली बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, रेडिएटर पार चोंदलाय. एक दिवस गाडी ठेवा माझ्याकडं."

"आज नाही जमायचं. पुढच्या आठवड्यात बघू."

झुंबरने तिला हे तीनदा सांगितले. तिन्ही वेळा तो पुढचा आठवडाच राहिला. तिसऱ्या वेळी तिने वाकून पाहिले, पण वास आला तशी मागे सरली. "शी, काय अडकलंय हे," म्हणाली आणि हेल्मेट घातले.

मग तो एप्रिलमधला रविवार उजाडला. दुपारी बाराला तिचा फोन वाजला. पेठकडच्या एका पाड्यावरून विमलाबाई बोलत होत्या. या पन्नाशीच्या बाई डोंगरावर नागली आणि भात पिकवतात. त्यांच्याकडे एकच गाय होती, डांगी जातीची, पहिलटकरीण. तेजस्विनीने दारात, गाडीशेजारीच फोन स्पीकरवर ठेवून बूट चढवले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"डॉक्टरबाई, गाय सकाळपासनं कळा देते. एकच पाय भाईर आलाय. दुसरा नाय दिसत."

"वासरू हलतंय का?"

"हलतंय. हात ठेवला का कळतंय."

"ओढू नका. कोणालाही ओढू देऊ नका. मी दीड तासात येते."

सुट्टीचा दिवस होता, तरी ती पाच मिनिटांत निघाली. ऊन रणरणत होते. ती गाडी पळवत होती आणि मी धापा टाकत होतो. वारा येत होता, पण माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. चिखलाच्या भिंतीवर आपटून तो बाजूने निघून जात होता. मागचा पंखा सुरू झाला आणि बंद व्हायचे नाव घेईना. घाटाचा चढ लागला, तसे माझ्यातले ते घाण पाणी उकळू लागले. मीटरवर लाल दिवा लागला. तिने तो पाहिला. "एवढा चढ चढून जा," ती पुटपुटली आणि गाडी तशीच रेटली.

दोन वळणे मी कशीबशी काढली. तिसऱ्या वळणावर माझ्या जादा पाण्याच्या छोट्या टाकीच्या नळीतून तांबडे पाणी फसफसत बाहेर आले. ते तापलेल्या इंजिनावर पडले आणि वाफेचा लोट उठला. जळक्या केसांचा, सडक्या कांद्याचा, गंजाचा असा सगळा मिळून वास सुटला. तेजस्विनीने गाडी बाजूला घेतली आणि तोंडावर ओढणी धरली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. फोनला रेंज नव्हती. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नसते, उकळते पाणी अंगावर उडते, हे तिला माहीत होते. तिने बसून वाट पाहिली. दर दोन मिनिटांनी ती घड्याळ बघत होती. पाऊण तासाने मी निवलो. तेव्हा तिने झाकण काढून पिण्याच्या बाटलीतले पाणी माझ्यात ओतले. पुढे आणखी दोनदा थांबावे लागले. दीड तासाचा रस्ता तीन तासांचा झाला. मित्रांनो, त्या वेळी मला लाज वाटत होती, आणि ती लाज माझ्या अंगावरच्या घाणीपेक्षा वाईट होती.

विमलाबाईंची गाय अंगणात आंब्याखाली आडवी पडली होती. तेजस्विनीने गाडी समोरच लावली. तिने हातमोजा खांद्यापर्यंत चढवला, आणि जमिनीवर पालथे होऊन हात आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडून अडकला होता. रक्त आणि चिकट पाणी तिच्या गालापर्यंत आले. ती हळू आवाजात गाईशी बोलत राहिली. विमलाबाई गाईचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासाने पाय सुटला आणि वासरू बाहेर आले.

ते हलले नाही. तेजस्विनीने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटे धरले, पुन्हा चोळले. मग तिने हात थांबवले.

"गाय वाचेल," ती म्हणाली. "वासरू गेलं, विमलाबाई."

विमलाबाईंनी पदराने वासराचे तोंड पुसले. कालवड होती ती. "मघाशी हलत होतं," त्या म्हणाल्या. "तुमी फोनवर बोललात तवा हलत होतं."

गाईला सलाईन लावून झाल्यावर तेजस्विनी हातपाय धुऊन माझ्यापाशी आली. पहिल्यांदाच ती माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या जाळीत काळा, भाजलेला थर होता. त्यातून माश्यांचे पाय, केस, टरफलांचे तुकडे बाहेर आले होते, आणि खालून तांबडा गाळ ओघळत होता. तिने तोंड फिरवले.

विमलाबाई मागे उभ्या होत्या. त्या रागाने बोलल्या नाहीत, थकलेल्या आवाजात बोलल्या. "गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलात बाई. आन् ह्याला हात लावाया किळस आली?"

तिथेच एक काडी घेऊन तेजस्विनीने वरवरचा थर खरवडला, हंड्यातले स्वच्छ पाणी माझ्यात भरून घेतले आणि ती थांबत थांबत घरी परतली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि गाडी गॅरेजला नेली. झुंबर पाना घेऊन पुढे आला, तर ती म्हणाली, "तुम्ही सांगा फक्त. मी करते."

"मॅडम, लय घाण हे."

"माहीत आहे. माझीच आहे."

मी पूर्ण थंड होतो. तिने खालची नळी काढली आणि माझ्या पोटातले पाणी बाहेर आले. गढूळ, तांबूस, वर तेलकट साय. झुंबरसुद्धा दोन पावले मागे गेला. मग तिने मला गाडीवरून उतरवले. साबणाच्या पाण्यात भिजवले. जुना टूथब्रश घेऊन पत्र्यांच्या रेषेत वरून खाली, वरून खाली घासत राहिली. "आडवा घासू नका, पत्रे वाकतील," झुंबर सांगत होता. "आन् पाणी मागच्या बाजूनं सोडा. घाण जिकडनं आली तिकडनंच बाहेर जाऊ द्या. धार बारीक ठेवा." मागून पाणी सोडताच कित्येक वर्षांचा कुजका लगदा फरशीवर पडू लागला. एकदा ती उठून बाहेर गेली, ओकली, तोंड धुऊन परत आली आणि पुन्हा ब्रश उचलला. वाकलेले पत्रे तिने पातळ पट्टीने एकेक करून सरळ केले. आतून बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी निवळ येईपर्यंत फिरवले, मला पुन्हा गाडीवर बसवून नवे हिरवे कूलंट भरले आणि झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले. आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबल्यावर झाकण लावले. दुपार उलटून गेली होती. गाडीवर बसवण्याआधी झुंबरने मला उजेडासमोर धरले होते, तेव्हा माझ्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

दहा दिवसांनी ती गाय तपासायला पुन्हा त्या पाड्यावर गेली. घाटात लाल दिवा लागला नाही. विमलाबाई अंगणात आल्या. गाय तपासून होईपर्यंत मी निवलो, मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, पदर सावरून वाकल्या आणि त्यांनी जाळीवरून बोट फिरवून पाहिले. बोट स्वच्छ निघाले. आत जाऊन त्यांनी डॉक्टरबाईंसाठी पाण्याचा तांब्या आणला.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर बाबांना, ताईला, कोणालाही घेऊन एकदा तिच्यासमोर उकिडवे बसा. गाडी थंड असू द्या. वास आला तर नाक धरा, पण उठू नका. जाळीतून पलीकडचे दिसते का, तेवढे बघा. दिसत नसेल तर त्याच दिवशी ब्रश हातात घ्या. कारण कोणीतरी कुठेतरी तुमची वाट पाहत असते, आणि त्या कालवडीला तर फक्त दीड तास हवा होता.