कारागीर अज्ञात

संग्रहालयाची वेबसाइट आंधळ्यांनाही ऐकता यावी, म्हणून कारकुनानं तपासायला विणकर मावशीला बोलावलं. तिथली शाल तिनंच विणलेली. त्या धाग्याधाग्यात तिची नजर गेली होती. दूरदेशीची नात आता घरबसल्या आजीचं नाव ऐकेल, या आशेनं तिनं कान टवकारले.

संगणक बोलला, "जुनी शाल. कडा विटलेल्या. कारागीर अज्ञात."

"अरे बाळा, अज्ञात कशी? ही काय, तुझ्यासमोर बसलेय!"

"देणाऱ्यानं नाव लिहिलं नव्हतं, मावशी."

"मग तू लिही की."

"पुरावा लागतो. ते सोडा, आवाज स्पष्ट येतोय ना?"

"येतोय. अगदी स्पष्ट."

"छान!" म्हणत त्यानं तिचा अंगठा शाईत बुडवला आणि तपासणीच्या कागदावर दाबला.