तो शब्द काढायचा नाही

जुलै अर्धा सरला की आमच्या हेरॉन्सचं, म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचं, यंदा काय होणार, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही कळलेलं असतं. एप्रिलमध्ये आशा असते, मेमध्ये सबबी असतात, जूनमध्ये शिव्या. जुलैत नुसतं ऊन असतं आणि आम्ही तळाला असतो. यंदाही तळालाच आहोत. आमच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, चेंडू आला की तो दचकतो, चेंडू इकडेही येऊ शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं जसं काही. मॅनेजर कठड्याला रेलून सूर्यफुलाच्या बिया चावतो आणि टरफलं थुंकतो. सहा महिने तेवढं एकच काम तो मन लावून करतो. मालकाने खेळाडू घ्यायचे सोडून यंदा स्टेडियमच्या खुर्च्या रंगवल्या. मोरपंखी. ऊन तापलं की तो रंग पँटला लागतो.

लोक म्हणतात, मग बघता कशाला? मी कवळ्या बनवते, दातांच्या. माझ्या कारखान्यातली माणसं सोमवारी माझं तोंड बघूनच ओळखतात आणि वर विचारतात, “वांडा, या वेळी किती फरकाने?” त्यांना काय सांगू? संघ सोडता येत नाही. मी सोडून पाहिलाय. एका वर्षी रेडिओ बंद करून टाकला, आणि अंगणात गवत कापताना शेजाऱ्याच्या रेडिओकडे कान लावून उभी राहिले. गवत तसंच राहिलं.

पण खरं सांगायचं तर मला संघाने धरून ठेवलेलं नाही. बाबांनी धरून ठेवलंय. आणि तेही बिचारे धरत नाहीत, नुसते शेजारी बसतात.

आई गेली तेव्हा मी परगावाहून आले आणि बाबांना म्हणाले, एक सीझन राहते. त्याला अकरा उन्हाळे झाले. स्टेडियममध्ये बाबा आत बसतात, मी वाटेच्या कडेला, आईच्या खुर्चीत. दोघांत एकच हात आहे खुर्चीला, त्यावर त्यांचं कोपर असतं. बाबांनी, म्हणजे झिग्मुंट पावलाक यांनी, आयुष्यभर गोदीत वजनं उचलली. आता ते फक्त मोहरी लावलेला सॉसेज उचलतात, आणि मी त्यांना औषधाच्या गोळ्या देते. आम्ही भांडत नाही. आम्हाला काही कमी नाही. कधीकधी रात्री मी स्वयंपाकघरात उभी असते आणि मला वाटतं, मी इथेच म्हातारी होणार, याच ओट्याशी, आणि माझा जीव घुसमटतो.

वसंतात टूसॉन शहरातल्या दातांच्या एका प्रयोगशाळेने मला नोकरीला बोलावलं. स्वतःचा विभाग, हाताखाली माणसं, आणि वाळवंट. मला वाळवंट बघायचंय, ही काही मोठी गोष्ट नाही, पण मला बघायचंय. मी टाळत राहिले, तेव्हा या जुलैत तिथली लोर्ना नावाची बाई म्हणाली, “मी शनिवारी दुपारी विमानात बसण्याआधी फोन करीन. हो की नाही ते तेव्हाच सांगा. दुसरा माणूस तयार आहे, त्याला किती लटकवू?” शनिवारी दुपारी सामना होता. मी ठरवलं, दुसऱ्या डावात बाबांना सांगायचं. पहिल्या डावात त्यांचा मूड लागतो आणि तिसऱ्यात आपण बहुधा हरायला लागलेलो असतो.

दुसऱ्या डावात मी म्हणाले, “बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“हा फलंदाज होऊ दे.”

तो फलंदाज झाला. मग पुढचा झाला. चौथ्या डावात मी फलकाकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता ग्रॅडी लाइल. छत्तिशीचा, ढेरी सुटलेला, तीन संघांनी काढून टाकलेला माणूस. त्याच्या चेंडूला आमचे लोक ‘जेवणाचं ताट’ म्हणतात, कारण तो समोरच्यापुढे वाढून ठेवतो. आणि त्या दिवशी कुणालाच त्याच्या चेंडूवर हिट मिळत नव्हती, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठता येत नव्हता.

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. समोरच्या संघाला नऊच्या नऊ डाव एकही हिट मिळू द्यायची नाही, याला एक नाव आहे. ते नाव, ते चालू असेपर्यंत, घ्यायचं नाही. घेतलं की मोडतं. म्हणून बाकावर खेळाडू पिचरच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत, त्याला एखादा साथीचा रोग झाल्यासारखं वागतात. आणि प्रेक्षकांनी जे जसं चाललंय ते तसंच चालू ठेवायचं. जो बसलाय तो बसून, जो उभाय तो उभा. फोन नाही, जागा बदलणं नाही, नवीन विषय नाही. हेरॉन्सना हे आजवर एकदाही जमलेलं नाही. बाबा चाळीस वर्षांहून जास्त येतायत आणि त्यांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

“बाबा—”

“वांडे, तू मघाशी गप्प होतीस. गप्पच राहा.”

पुढच्या रांगेत ओडेसा बसते. तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेली, मांडीवर शेंगांची पिशवी. ती वळली नाही, फक्त म्हणाली, “पोरीला बोलू दे की, झिगी. दुसऱ्या डावात बोलली होतीच.”

“तेव्हा बोलली नाही. ‘सांगायचंय’ म्हणाली. तेवढंच चालू ठेवायचं असेल तर चालू ठेव म्हणावं.”

“म्हणजे दर डावाला ‘सांगायचंय’ म्हणायचं आणि सांगायचं नाही?”

“हो. बरोबर.”

हसू नका. मी खरोखर प्रत्येक डावाच्या सुरुवातीला म्हणाले, “बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” आणि त्यांनी खरोखर प्रत्येक वेळी म्हटलं, “हा फलंदाज होऊ दे.” ओडेसा दर चेंडूला एकच शेंग फोडत होती, कारण तिने पहिल्यापासून तसंच केलं होतं. तिच्या पलीकडचा एक माणूस चुकून उन्हात बसला होता आणि त्याचं टक्कल लाल होत चाललं होतं, पण टोपी त्याने सुरुवातीलाच काढली होती, आता घालणार कशी?

पाचव्यापासून बाबा पाय एकमेकांवर घट्ट आवळून बसले. त्यांचं वय झालंय, त्यांना दर तासाला जावं लागतं. मी डोळ्यांनी विचारलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, नाव काढू नकोस.

सातव्या डावाच्या मध्ये सगळं स्टेडियम उभं राहून अंग मोकळं करतं, गाणं म्हणतं. फोनसाठी बाहेर निसटायची तेवढी एक संधी होती. मी उभी राहिले आणि एक पाऊल वाटेवर टाकलं. बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. गात गातच धरलं, आणि मी परत बसले.

त्या खुर्चीत बसून मला जे वाटलं ते सांगते, बरं दिसणार नाही तरी. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण फोन आला तर मी उचलू शकत नव्हते. रीतच तशी. टूसॉन गेलं तर ग्रॅडी लाइलमुळे गेलं, माझ्यामुळे नाही. बाबांच्या शेजारी बसून ‘हो’ म्हणायला नको, ‘नाही’ म्हणायलाही नको. पुढची वीस वर्षं मी लोकांना हा किस्सा सांगीन, लोक हसतील, आणि मी याच ओट्याशी उभी असेन. दार बाहेरून बंद असलं की आपण आतून कडी काढून पाहत नाही. मी अकरा वर्षं तेच केलं होतं.

आठव्या डावाच्या शेवटी खिशातला फोन थरथरला. मी हलले नाही. थरथर खुर्चीच्या हातातून बाबांच्या कोपरापर्यंत गेली असणार, कारण त्यांनी कोपर उचललं आणि परत ठेवलं. फोन थांबला.

नववा डाव. आमची एक धाव, त्यांची शून्य. पहिला फलंदाज बाद झाला, उंच चेंडू, आणि आमच्या शॉर्टस्टॉपने चक्क झेल घेतला. कुणी ओरडलं नाही. ओडेसाच्या बोटांत पुढच्या चेंडूची शेंग तयार होती. अजून दोघांना बाद केलं की झालं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. आईच्या जाण्यानंतर मी ते तसे पाहिले नव्हते.

फोन पुन्हा थरथरला.

बाबा मैदानाकडे बघत होते. मग नेहमीच्या आवाजात, मीठ मागावं तसं, ते म्हणाले, “नो-हिटर.”

आमच्या आसपासच्या रांगा गार झाल्या. ओडेसा सावकाश वळली.

“झिगी. काय म्हणालास तू?”

“नो-हिटर म्हणालो. नो-हिटर चाललाय. मला मुतायला जायचंय, पाचव्या डावापासून धरून बसलोय, फुटेन आता. वांडे, ऊठ, वाट दे.”

“म्हाताऱ्या, तुझं डोकं फिरलंय का?” मागून कुणीतरी म्हणालं. “घरून नळी लावून यायचं होतं.”

मी उठले. वाट द्यायची तर उठावंच लागतं. वाटेच्या पायरीवर उभी राहिले आणि फोन हातात वाजत होता. बाबा अर्धे उठले, गुडघ्यावर हात ठेवून थांबले.

“हो पुढे. माझे गुडघे धरलेत, मी येतोच मागून.”

“बाबा—”

“घे तो फोन. आता काही शिल्लक नाही मोडायला.”

मी पायऱ्या चढून मागच्या बोळात गेले. तिथे सॉसेजच्या धुराचा वास होता आणि विकणारे सगळे काम सोडून पडद्याकडे बघत होते. लोर्ना म्हणाली, विमानाचं दार बंद होतंय, काय ठरलं? तेवढ्यात स्टेडियममधून एक आवाज आला. ओरडा नव्हता. हजारो माणसांनी एकदम श्वास सोडला तसा. पडद्यावर चेंडू झेपावलेल्या शॉर्टस्टॉपच्या हातापासून वीतभर लांबून संथपणे मागच्या गवतात जात होता. हिट.

“काय झालं तिकडे?” तिने विचारलं.

“काही नाही. आमचा संघ आहे.”

“मग? हो की नाही?”

मला रडू आलं. बाबांनी चाळीस वर्षं पाहिलेली वाट माझ्या फोनवर उधळली होती. आता ‘नाही’ म्हटलं असतं तर ती फुकट गेली असती. मी म्हणाले, “हो. येते मी.” आणि भिंतीला टेकून, नाक पुसून झाल्यावरच परत फिरले.

तोवर सामना संपला होता. जिंकलो होतो, पण चेहरे बघून कुणी ओळखलं नसतं. लोक पायऱ्या चढून येत होते आणि आमच्या रांगेकडे वळून वळून बघत होते. ओडेसा माझ्याजवळून गेली. “पुढच्या शनिवारी त्याच्याशी बोलणार नाही, सांग त्याला,” ती म्हणाली. “त्याच्या पुढच्या शनिवारी बघू.” जाताना तिने माझ्या दंडावर थोपटलं.

बाबा जागेवरच बसले होते. त्यांच्या टोपीवर कुणीतरी शेंगांची टरफलं ओतली होती आणि त्यांनी ती झटकली नव्हती. मी शेजारी बसले. मैदानावर माणसं माती झाडत होती.

“काय म्हणाली ती दातवाली?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तू मागच्या ओसरीवर उभी राहून बोलतेस. माझी खिडकी तिथेच आहे.” त्यांनी पँटला लागलेला मोरपंखी रंग नखाने खरवडून पाहिला. “हो म्हणालीस ना?”

“हो.”

“बरं झालं. तिथे रेडिओवर हेरॉन्स लागतात का बघ. नाहीतर मी फोनवर सांगत जाईन, किती फरकाने ते.”

मी त्यांच्या टोपीवरची टरफलं झटकली. ऊन खुर्च्यांवरून उतरून पलीकडच्या बाजूला गेलं. निघायला हवं होतं, पण त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी वाटली. वर शौचालय लांब होतं आणि गर्दी होती.

“बाबा, जाऊन आलात का तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“कुठे?”